अमेरिकेला नको असलेली अमेरिका

7 मे 1964. मँचेस्टरमधल्या विल्ब्रॅहम रोड या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनावर ग्रॅनडा टेलिव्हिजनची माणसं एक कार्यक्रम चित्रित करत होती. एका फलाटावर तरुण इंग्लिश मुलंमुली दाटीवाटीने बसलेली. रुळांपलीकडच्या फलाटाला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेडवळ स्टेशनाचं रूप दिलेलं: लाकडी खोकी, पोती, झुलती खुर्ची, शिवाय कोंबड्या आणि शेळ्याही. (कृष्णवर्णीय गायक आला की त्याच्याभोवती कोंबड्या सोडायच्या, ही कल्पना त्या काळी फारशी कुणाला खटकलेली दिसत नाही.) पाऊस पडून गेला होता. घोडागाडीतून सिस्टर रोझेटा थार्प ही अमेरिकन कृष्णवर्णीय गायिका उतरली. वय 49, अंगावर जाडजूड कोट. तिने पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवली आणि पावसावरच्याच एका जुन्या भक्तिगीताला हात घातला. ते चित्रण आजही इंटरनेटवर सापडतं. त्या ओल्या फलाटावर ती ज्या सहजतेने गिटार वाजवते, ते पाहिल्यावर रॉक संगीत कुणी शोधून काढलं या वादातली अर्धी हवा निघून जाते.

त्याच वेळी अमेरिकेत नागरी हक्कांचं विधेयक सिनेटमध्ये अडवून धरलेलं होतं. तो कायदा झाला जुलैमध्ये. स्वतःच्याच देशातल्या, अमेरिकेतल्या, अनेक राज्यांत ज्या बाईला गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नव्हती, तिला ऐकायला मँचेस्टरची गोरी मुलं ओल्यात बसली होती. का?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनवर अमेरिकेचा प्रभाव पडला, हे वाक्य शाळेच्या पुस्तकातही सापडेल. हॉलिवूड, कोका-कोला, जीन्स, रॉक अँड रोल अशी यादी त्याच्यामागून येते. यादी खोटी नाही, पण ती वाचून असं वाटतं की अमेरिकेने माल पाठवला आणि ब्रिटनने तो गपगुमान घेतला. मला हे चित्र पटत नाही. अमेरिकेने अधिकृतपणे, पैसे खर्चून जे पाठवलं त्याचा परिणाम झालाच. पण ब्रिटिश तरुणांना आतून बदललं ते बहुतेक वेळा अमेरिकेला स्वतःला नको असलेल्या गोष्टींनी: कृष्णवर्णीयांचं संगीत, काळ्या यादीत टाकलेले लेखक, रद्दीत गेलेली मासिकं, लष्कराने मोडीत काढलेले कोट, न खपलेल्या रेकॉर्डी.

आधी परिस्थिती. अमेरिकन सैनिकांची पहिली तुकडी जानेवारी 1942 मध्ये बेलफास्टला उतरली. 1944 च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीवर चढाई झाली, तोपर्यंत ब्रिटनमधल्या अमेरिकन सैनिकांची संख्या सुमारे 15 लाखांवर गेली होती. त्यांचा पगार ब्रिटिश सैनिकापेक्षा कितीतरी जास्त. खिशात चॉकलेट आणि च्युइंगगम, ओळखीतल्या मुलींसाठी नायलॉनचे मोजे. ब्रिटिश पुरुषांचा यावर जो जळफळाट झाला तो सर्वश्रुत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की हे सैन्य आपला वर्णभेदही बरोबर घेऊन आलं होतं. गोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या, आणि ब्रिटिश पबांनीही तसंच वागावं अशी अपेक्षा. लँकेशरमधल्या बँबर ब्रिज गावात अमेरिकन लष्करी पोलिसांनी ही मागणी केली, तेव्हा गावातल्या पबांनी पाट्या लावल्या: ‘फक्त काळ्या सैनिकांसाठी’. पुढे जून 1943 मध्ये त्याच गावात गोरे लष्करी पोलीस आणि काळे सैनिक यांच्यात रात्रभर गोळीबार झाला, एक कृष्णवर्णीय सैनिक मेला. तेव्हा ब्रिटनच्या खेड्यापाड्यांत लोकांनी अमेरिका पाहिली ती एक नव्हे, दोन. यावरून ब्रिटन वर्णभेदमुक्त होता असं मात्र कुणी समजू नये. त्याची कथा पुढे येतेच.

युद्ध जिंकलं आणि ब्रिटन कफल्लक झाला. ऑगस्ट 1945 मध्ये अमेरिकेने युद्धकाळातली उधार-मदत एकाएकी थांबवली. अर्थतज्ज्ञ केन्स वॉशिंग्टनला गेले आणि 375 कोटी डॉलरचं कर्ज 2 टक्के व्याजाने घेऊन आले. त्याचा शेवटचा हप्ता डिसेंबर 2006 मध्ये फिटला. इकडे रेशनिंग चालूच. युद्धातही न झालेलं पावाचं रेशनिंग 1946 मध्ये आलं, मिठाईवरचं 1953 मध्ये उठलं आणि मांसावरचं जुलै 1954 मध्ये. जिंकलेल्या देशातली मुलं नऊ-नऊ वर्षं मोजून-मापून खात होती आणि सिनेमाच्या पडद्यावर अमेरिकन स्वयंपाकघरातलं फ्रिज उघडलं की आत अख्खी कोंबडी दिसत होती.

डॉलर वाचवण्यासाठी सरकारने 1947 मध्ये अमेरिकन सिनेमांच्या कमाईवर 75 टक्के कर बसवला. हॉलिवूडने सरळ नवे सिनेमे पाठवणं बंद केलं. काही महिन्यांत, 1948 मध्ये, सरकारने माघार घेतली. कोणाचं पारडं किती जड आहे, हे यावरून कळावं.

या आक्रमणाला विरोधही जोरात झाला, आणि गंमत म्हणजे उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंनी. बीबीसीचे आद्य प्रमुख लॉर्ड रीथ यांनी जाहिरातींवर चालणाऱ्या टेलिव्हिजनची तुलना देवी आणि प्लेग यांच्या साथींशी केली. 1953 मध्ये एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाचं चित्रण अमेरिकेत दाखवताना एनबीसीने मध्येच आपल्या कार्यक्रमातलं लाडकं चिंपांझी आणलं. या प्रकाराने ब्रिटिश खासदार असे काही खवळले की खासगी टेलिव्हिजनचा कायदा करताना त्या चिंपांझीची आठवण वारंवार निघाली. दुसरीकडे ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाने 1951 मध्ये ‘ब्रिटिश संस्कृतीला अमेरिकेचा धोका’ या विषयावर परिषदच भरवली. अमेरिकन भयकथांच्या कॉमिक्सविरुद्ध शिक्षक, पाद्री आणि कम्युनिस्ट एका सुरात बोलू लागले. 1955 मध्ये अशा कॉमिक्सवर बंदी घालणारा कायदा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयटीव्ही हे खासगी टेलिव्हिजन सुरू झालं आणि ब्रिटिश टेलिव्हिजनवर पहिली जाहिरात झळकली, टूथपेस्टची.

पण सगळ्या शिकल्यासवरल्या लोकांना अमेरिकन चकचकाटाची घृणा वाटत नव्हती. एदुआर्दो पाओलोझी हा एडिनबराजवळच्या लीथमध्ये आइस्क्रीमचं दुकान चालवणाऱ्या इटालियन कुटुंबातला मुलगा. शिल्पकार झाला, 1947 च्या सुमारास पॅरिसला गेला. तिथे शिकायला राहिलेल्या माजी अमेरिकन सैनिकांकडून त्याला त्यांच्या जुन्या मासिकांची थप्पी मिळाली. विमानं, मोटारी, डबाबंद फळं, पोहण्याच्या पोशाखातल्या बायका, परग्रहावरचे राक्षस. त्याने ही चित्रं कापून चिकटवायला सुरुवात केली. 1952 मध्ये लंडनच्या समकालीन कला संस्थेत काही तरुण कलावंत, वास्तुरचनाकार आणि समीक्षक एकत्र येऊ लागले. त्यांचं नाव इंडिपेंडंट ग्रुप. तिथे पाओलोझीने ही कात्रणं एकामागून एक पडद्यावर टाकली, फारसं स्पष्टीकरण न देता. जमलेल्यांतल्या कित्येकांना कळेना की हसावं की रागवावं.

याच गटातल्या रिचर्ड हॅमिल्टनने 1956 मध्ये व्हाइटचॅपल गॅलरीतल्या एका प्रदर्शनासाठी छोटंसं कोलाज केलं. शरीरसौष्ठवपटू, टेपरेकॉर्डर, डबाबंद हॅम, व्हॅक्यूम क्लीनर अशा कात्रणांनी भरलेला दिवाणखाना. पॉप आर्ट म्हटलं की आज लोकांना न्यूयॉर्क आणि सूपचे डबे आठवतात. पण या कलेची आधीची पावलं लंडनमध्ये पडली, अमेरिकन रद्दीवर. याचं कारण फारसं गूढ नाही. न्यूयॉर्कच्या चित्रकाराला सूपचा डबा रोज दिसायचा, म्हणून दिसत नव्हता. ज्याला लोणीसुद्धा रेशनवर मिळत होतं, त्याला जाहिरातीतलं फ्रिज स्वप्नातल्या राजवाड्यासारखं दिसायचं, आणि ते किती खोटं आहे हेही दिसायचं. हॅमिल्टनच्या चित्रात हाव आणि थट्टा एकाच वेळी आहेत. पुढच्या सगळ्या ब्रिटिश पॉपमध्ये हे मिश्रण राहिलं.

आता संगीत. इथे जरा रेंगाळू, कारण खरी उलथापालथ इथे झाली.

1950 च्या दशकातल्या ब्रिटनमध्ये अमेरिकन संगीत ऐकणं ही सोपी गोष्ट नव्हती. संगीतकारांच्या संघटनेच्या आग्रहाने 1935 पासून अमेरिकन बँडना येऊन वाजवायला जवळजवळ बंदी होती. ती 1956 मध्ये अदलाबदलीच्या तत्त्वावर सैल झाली: तुमचा एक बँड इकडे, आमचा एक तिकडे. एकटादुकटा गायक मात्र ‘व्हरायटी कलाकार’ या सदरात आत शिरू शकत असे. त्या फटीतून ब्लूज हे कृष्णवर्णीयांचं संगीत गाणारे काही गायक आले. बीबीसीवर रेकॉर्डी वाजवायला ठरावीक तासच मिळत. बाकी वेळ स्टुडिओतला वाद्यवृंद अमेरिकन गाण्यांच्या गुळगुळीत आवृत्त्या वाजवायचा. डॉलर वाचवण्यासाठी अमेरिकन गिटारींची आयातही या दशकात बहुतेक काळ बंद होती. म्हणून मुलं रात्री पांघरुणात रेडिओ घेऊन लक्झेंबर्गचं केंद्र लावायची किंवा जर्मनीतल्या अमेरिकन लष्कराचं. आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. गाण्याचे अर्धे शब्द कळायचे, उरलेले अंदाजाने भरायचे. लिव्हरपूलमध्ये न्यूयॉर्कच्या जहाजांवर काम करणारे खलाशी रेकॉर्डी, शर्ट, कधी गिटार घेऊन यायचे. गल्लीत त्यांना ‘क्युनार्ड यँक’ म्हणत, त्यांच्या जहाज कंपनीच्या नावावरून.

या टंचाईतून ‘स्किफल’ जन्मलं. लॉनी डॉनेगन हा ख्रिस बार्बरच्या जाझ बँडमध्ये बँजो वाजवणारा. कार्यक्रमाच्या मध्यंतरात तो दोघांतिघांना घेऊन अमेरिकन लोकगीतं म्हणायचा. 1954 मध्ये त्याने ‘रॉक आयलंड लाइन’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. हे मूळ गाणं 1934 मध्ये आर्कान्सामधल्या तुरुंगात कृष्णवर्णीय कैद्यांच्या तोंडून नोंदवलेलं, पुढे लेडबेली या गायकाने प्रसिद्ध केलेलं. 1956 मध्ये डॉनेगनची रेकॉर्ड ब्रिटनमध्ये पहिल्या दहात गेली आणि अमेरिकेतही. या यशापेक्षा महत्त्वाचं काय, तर ते गाणं कुणालाही वाजवता येईल असं होतं. गिटारीवरचे तीन कॉर्ड शिकलात की झालं. ढोलाऐवजी कपडे धुवायची पन्हाळी फळी, तिच्यावर बोटांत शिवणकामाची टोपणं घालून खरवडायचं. बास व्हायोलिनऐवजी चहाची लाकडी पेटी उपडी घालून तिला दांडा आणि दोरी. पेटी बहुधा आसाम नाहीतर सिलोनची. साम्राज्याचं खोकं, कैद्यांचं गाणं आणि इंग्लंडच्या गिरणीगावातलं पोर.

असे हजारो स्किफल गट निघाले. त्यातला एक लिव्हरपूलमधल्या जॉन लेननचा. 6 जुलै 1957 रोजी वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत तो गट वाजवत असताना त्याची आणि पॉल मॅकार्टनीची गाठ पडली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

आता तरुणांना हेच संगीत का भिडलं? ब्रिटनमध्ये माणूस तोंड उघडतो तेव्हाच त्याचा वर्ग कळतो. वडील खाणीत होते की बँकेत, शाळा कुठली, हे उच्चारावरून दोन वाक्यांत ओळखतात. बीबीसीवर एक विशिष्ट इंग्लिश बोललं जायचं, ते बहुसंख्यांच्या घरात बोललं जात नव्हतं. अमेरिकन उच्चारात गायला लागलं की ही ओळख पुसली जायची. ट्रक चालवणारा पोरगा आणि ग्रामर स्कूलमधला पोरगा एकाच तऱ्हेने गाऊ शकत होते. वर्गाच्या उतरंडीत अमेरिकेला खूणच नव्हती, म्हणून अमेरिका सोयीची. मला वाटतं, ब्रिटिश तरुणांनी अमेरिका वापरली ती मुख्यतः स्वतःच्या देशाशी भांडायला. अमेरिका प्रत्यक्षात कशी आहे याची त्यांना फारशी पडलेली नव्हती.

ती पडलेली नव्हती म्हणून गमतीही झाल्या. ऑक्टोबर 1958 मध्ये शिकागोचा मडी वॉटर्स ब्रिटनला आला. इथल्या ब्लूजप्रेमींची कल्पना अशी की ब्लूज म्हणजे ओसरीत बसून साध्या गिटारीवर दुःख गाणारा म्हातारा. तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन कर्कश आवाजात वाजवू लागला, तेव्हा काही समीक्षकांनी कान झाकून घेतले. वॉटर्स शहाणा माणूस. 1963 मध्ये पुन्हा आला तो साधी गिटार घेऊन. तोवर ब्रिटिश पोरांनी स्वतःच इलेक्ट्रिक गिटारी विकत घेतल्या होत्या आणि आता त्यांना हवा होता तो आधीचा गोंगाट.

ऑक्टोबर 1961 मध्ये लंडनबाहेरच्या डार्टफर्ड स्टेशनावर कीथ रिचर्ड्सला शाळकरी वयातला ओळखीचा मिक जॅगर भेटला. जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्या रेकॉर्डी, शिकागोच्या चेस कंपनीकडून टपालाने मागवलेल्या. रिचर्ड्स तेव्हा आर्ट स्कूलमध्ये होता. लेननही आर्ट स्कूलचाच, एरिक क्लॅप्टन आणि पीट टाउनशेंड हे गिटारवालेही. युद्धानंतरच्या शिक्षणव्यवस्थेने विद्यापीठात न जाणाऱ्या पण हुशार, जरा वाया गेलेल्या पोरांसाठी या शाळा सरकारी खर्चाने चालवल्या होत्या. म्हणजे ब्लूज अमेरिकेचा, पण तो घोटायला लागणारी दोन-तीन वर्षं ब्रिटिश कल्याणकारी राज्याने दिली. हे श्रेय फारसं कुणी देत नाही. मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून या पोरांनी आपल्या बँडला रोलिंग स्टोन्स हे नाव दिलं.

फेब्रुवारी 1964 मध्ये बीटल्स न्यूयॉर्कला उतरले आणि 9 तारखेला एड सलिव्हनच्या कार्यक्रमात सुमारे 7 कोटी 30 लाख अमेरिकनांनी त्यांना पाहिलं. माल मूळ देशात परत गेला. सप्टेंबरमध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला श्रोत्यांना वर्णानुसार वेगळं बसवलं तर आम्ही गाणार नाही, असं बीटल्सने बजावलं. मे 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सला एका अमेरिकन टीव्ही कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी सोबत हाउलिन वुल्फला घ्या अशी अट घातली. पन्नाशीतला तो धिप्पाड ब्लूज गायक गात होता आणि स्टोन्स त्याच्या पायाशी बसले होते. लाखो गोऱ्या अमेरिकन घरांनी आपल्याच देशातल्या या माणसाला असं, इंग्लंडमार्गे, पहिल्यांदा पाहिलं.

अमेरिकेने हाकललेल्या डाव्यांनीही ब्रिटनला बरंच दिलं. मॅकार्थीच्या काळात कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडने काळ्या यादीत टाकलेले लेखक आणि दिग्दर्शक लंडनला येऊन राहिले किंवा तिथल्या कामावर जगले. आयटीव्हीवर 1955 मध्ये सुरू झालेली रॉबिन हूडची मालिका हॅना वाइनस्टीन या अमेरिकन बाईंनी निर्मिली आणि तिचे बरेच भाग रिंग लार्डनर ज्युनियरसारख्या काळ्या यादीतल्या अमेरिकनांनी खोट्या नावांनी लिहिले. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा इंग्लंडचा लोकनायक, लिहिणारे अमेरिकेतून बहिष्कृत डावे, आणि ती मालिका सीबीएसने विकत घेऊन अमेरिकेत दाखवली. सेन्सॉरला चकवण्याचा इतका विनोदी प्रकार क्वचितच घडला असेल. लोकगीतं गोळा करणारा ॲलन लोमॅक्स 1950 मध्ये आला आणि 1958 पर्यंत राहिला. त्याने ब्रिटिशांना त्यांचीच लोकगीतं शोधायच्या नादाला लावलं. गायक पॉल रोबसन यांचा तर पासपोर्टच अमेरिकन सरकारने काढून घेतला होता. मे 1957 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कहून नव्या अटलांटिक टेलिफोन केबलवरून गाणं म्हटलं आणि लंडनच्या सेंट पँक्रस टाउन हॉलमधल्या श्रोत्यांनी ते ऐकलं.

याच्या उलट, अमेरिकेने मुद्दाम पाठवलेल्या संस्कृतीचं उदाहरण म्हणजे ‘एन्काउंटर’ मासिक. 1953 मध्ये लंडनला सुरू झालं. संपादक ब्रिटिश कवी स्टीफन स्पेंडर आणि अमेरिकन आयर्विंग क्रिस्टल. मासिक उत्तम होतं, लेखक नामांकित होते. पैसा ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या संस्थेमार्फत सीआयएचा होता. 1967 मध्ये हे उघड झालं, स्पेंडरने राजीनामा दिला. याच संस्थेच्या भारतीय शाखेने मुंबईत ‘क्वेस्ट’ काढलं होतं, निस्सीम इझिकेल त्याचे पहिले संपादक. दोन्ही मासिकांचे जुने अंक आजही वाचनीय आहेत. पण ते वाचून कुणी केस वाढवले किंवा घर सोडलं असं ऐकिवात नाही.

केस वाढवणारे वेगळ्या वाटेने आले. प्रतिसंस्कृती म्हणजे नुसते रंगीत कपडे आणि नशा नव्हे. प्रस्थापितांच्या वर्तमानपत्राशेजारी आपलं वर्तमानपत्र, त्यांच्या नाट्यगृहाशेजारी आपलं नाट्यगृह, त्यांच्या क्लबाशेजारी आपला क्लब, असा समांतर संसार थाटण्याचा तो खटाटोप होता. ब्रिटनमध्ये तो थाटताना अमेरिकनांचा हात ठिकठिकाणी दिसतो. जिम हेन्स हा लुइझियानाचा माणूस. अमेरिकन हवाई दलातून एडिनबराजवळच्या तळावर आला, नोकरी संपल्यावर तिथेच राहिला. 1959 मध्ये त्याने पेपरबॅक पुस्तकांचं दुकान काढलं, जिथे पुस्तकं कमी आणि चर्चा जास्त व्हायच्या. 1963 मध्ये ट्रॅव्हर्स थिएटरच्या स्थापनेत तो होता, 1967 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेनला त्याने आर्ट्स लॅब उघडली. लष्करी तळ असा कामी येईल असं पेंटॅगॉनला स्वप्नातही वाटलं नसेल.

11 जून 1965 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कविसंमेलन झालं. कवितेला सात हजार लोक! यजमान ब्रिटिश, पण आकर्षण होतं ते अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्गचं. महिन्याभरापूर्वीच प्रागच्या कम्युनिस्ट सरकारने त्याला हाकललं होतं, आणि त्याच्या कवितेवर अमेरिकेत 1957 मध्ये अश्लीलतेचा खटलाही होऊन गेला होता. दोन्ही महासत्तांना नकोसा झालेला माणूस. 1962 मध्ये तो मुंबईत येऊन गेला होता, पुढे बनारस आणि कलकत्त्याला महिनोन्‌महिने राहिला. अल्बर्ट हॉलमध्ये झांजांच्या तालावर त्याने मंत्र म्हटले. म्हणजे ज्या ब्रिटनने भारतावर दीडशे वर्षं राज्य केलं, त्याच्या तरुणांना मंत्रोच्चार ऐकवला न्यू जर्सीच्या कवीने. पुढे बीटल्स ऋषिकेशला गेले त्याच्या तीन वर्षं आधी. त्या संध्याकाळी कविता बऱ्यापैकी वाईट झाल्या असं तिथे असलेल्या अनेकांचं मत आहे. पण आपल्यासारखे इतके लोक आहेत हे त्या सात हजारांना एकमेकांकडे पाहून कळलं.

ऑक्टोबर 1966 मध्ये ‘इंटरनॅशनल टाइम्स’ हे भूमिगत वर्तमानपत्र निघालं. नमुना न्यूयॉर्कच्या अशाच पत्रांचा. शीर्षकाशेजारी मूकपटांतली क्लारा बो छापायची होती, छापली गेली थीडा बारा. कुणीच ते बदललं नाही, तीच ओळख झाली. डिसेंबरमध्ये टॉटनहॅम कोर्ट रोडवर यूएफओ क्लब सुरू झाला, तिथे पिंक फ्लॉइड रात्र-रात्र वाजवत. हा क्लब काढणाऱ्या दोघांपैकी एक अमेरिकन, जो बॉइड. हा तोच माणूस, ज्याने 1964 चा रोझेटा थार्प आणि मडी वॉटर्सचा ब्रिटन दौरा सांभाळला होता. सप्टेंबर 1966 मध्ये ‘ॲनिमल्स’ या ब्रिटिश बँडमधल्या चॅस चँडलरने न्यूयॉर्कच्या एका क्लबात ऐकलेल्या जिमी हेंड्रिक्सला लंडनला आणलं. अमेरिकेत तो दुसऱ्यांच्या मागे उभा राहून वाजवणारा गिटारवाला होता. लंडनने काही महिन्यांत त्याला तारा केला आणि जून 1967 मध्ये माँटेरेच्या महोत्सवात तो अमेरिकेला जणू आयात माल म्हणून मिळाला.

समुद्रात नांगरलेल्या जहाजांवरून चालणारी चोरटी रेडिओ केंद्रं हा एका वेगळ्याच प्रकरणाचा विषय आहे. एवढंच सांगतो की त्यातलं ‘रेडिओ लंडन’ टेक्ससच्या पैशावर चाललं, त्याच्या जिंगल डॅलसच्या पॅम्स कंपनीने बनवल्या, आणि सरकारने ऑगस्ट 1967 मध्ये ही केंद्रं कायद्याने बंद पाडल्यावर सात आठवड्यांच्या आत बीबीसीने रेडिओ 1 काढलं तेव्हा जिंगल मागवल्या त्याच कंपनीकडून.

मग आलं व्हिएतनाम. अमेरिकेविरुद्ध बोलायचं तर कसं, हेही अमेरिकनांनीच शिकवलं. ठिय्या देणं, वर्ग बंद करून युद्धावर जाहीर वाद घालणं या तऱ्हा तिथल्या नागरी हक्क चळवळीतून आणि विद्यापीठांतून आल्या. मार्च 1967 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये मोठा ठिय्या झाला, त्याच्या पुढाऱ्यांत मार्शल ब्लूम हा अमेरिकन विद्यार्थी होता. 17 मार्च 1968 रोजी ग्रोव्हनर चौकातल्या अमेरिकन वकिलातीवर हजारोंचा मोर्चा गेला आणि घोडेस्वार पोलिसांशी झटापट झाली. अमेरिकन लष्कराच्या मोडीतून घेतलेले कोट घालून पोरं अमेरिकन लष्कराविरुद्ध घोषणा देत होती, याची कुणाला विसंगती वाटली नाही. मलाही वाटत नाही. ती दोन वेगळ्या अमेरिकांमधली बाजू निवडणं होतं.

पण आता ती आधी बाजूला ठेवलेली गोष्ट. 1950 च्या दशकात वेस्ट इंडीज, भारत, पाकिस्तानातून लोक ब्रिटनला कामाला येत होते आणि त्यांना भाड्याने खोली मिळत नव्हती. मडी वॉटर्स पहिल्यांदा आला त्याच्या जेमतेम दोन महिने आधी लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या टोळक्यांनी वेस्ट इंडियन वस्तीवर हल्ले केले. 1964 च्या निवडणुकीत बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये उघड वर्णद्वेषी प्रचारावर हुजूर पक्षाने जागा जिंकली. 12 फेब्रुवारी 1965 रोजी तिथल्या इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या बोलावण्यावरून माल्कम एक्स हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय नेता स्मेदिकला आला आणि मार्शल स्ट्रीटवरून चालला. त्या रस्त्यावरची घरं फक्त गोऱ्यांना देण्याचा नगरपालिकेचा बेत चालू होता. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. जुलै 1967 मध्ये ब्लॅक पॉवर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ चळवळीचा अमेरिकन पुढारी स्टोकली कार्मायकल लंडनच्या राउंडहाउसमधल्या परिषदेत बोलला आणि ब्रिटनमधल्या काळ्या तरुणांना ब्लॅक पॉवरचं वेड लागलं. सरकारने त्याला परत यायला बंदी केली. म्हणजे त्याच अमेरिकेतून गोऱ्या पोरांनी गिटार घेतली आणि काळ्या-सावळ्या पोरांनी संघटना.

दूरच्या काळ्या माणसावर प्रेम करणं आणि शेजारच्याला माणूस मानणं या भिन्न गोष्टी आहेत, याचा पुरावा ऑगस्ट 1976 मध्ये मिळाला. बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात एरिक क्लॅप्टनने स्थलांतरितांविरुद्ध आणि स्थलांतराचा कडवा विरोधक असलेल्या इनॉक पॉवेल या राजकारण्याच्या बाजूने रंगमंचावरून गरळ ओकली. ज्याची सगळी कारकीर्द कृष्णवर्णीयांच्या ब्लूजवर उभी, तो माणूस. त्यावर संतापून काही लोकांनी संगीत साप्ताहिकांना पत्र लिहिलं आणि त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली, पंक आणि रेगे यांना एका मंचावर आणणारी.

लंडनच्या झगमगाटापासून दूर, उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांत याच सुमाराला आणखी एक प्रकार ऐन भरात होता, आणि मला तो सगळ्यात आवडतो. विगन कसिनो हा जुना नाचाचा हॉल सप्टेंबर 1973 पासून शनिवारी मध्यरात्रीनंतर उघडायचा आणि सकाळपर्यंत चालायचा. दारू नाही. कारखान्यांतली पोरं बॅगेत जादा बनियन घेऊन यायची, कारण नाचून नाचून घाम फुटायचा. वाजायच्या त्या 1960 च्या दशकातल्या डेट्रॉइट-शिकागोच्या सोल रेकॉर्डी, आणि त्याही न चाललेल्या. प्रसिद्ध गाणं वाजवणं कमीपणाचं. डीजे अमेरिकेला जाऊन गोदामांतली धूळ झटकत आणि दुसऱ्यांना नाव कळू नये म्हणून रेकॉर्डीवरचं लेबल झाकून टाकत. पत्रकार डेव्ह गॉडिनने या प्रकाराला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव दिलं.

फ्रँक विल्सन हा मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा माणूस. त्याने 1965 मध्ये एक गाणं म्हटलं, पण पुढे निर्माता म्हणून काम करायचं ठरल्यावर त्या रेकॉर्डीच्या छापलेल्या प्रती नष्ट केल्या गेल्या. बोटांवर मोजण्याइतक्या तेवढ्या वाचल्या. त्यांतली एक इंग्लंडला पोहोचली आणि विगनच्या पोरांनी त्या गाण्यावर नाचून तळवे झिजवले, तेव्हा खुद्द विल्सनला याचा पत्ताही नव्हता. 2009 मध्ये तिची एक प्रत 25 हजार पौंडांहून जास्त किमतीला विकली गेली.